आक्काच्या जागेवर सहा दिवस

आक्का, सहा दिवसांसाठी तुझ्या जागेवर बसले आणि तुझी जागाच खाऊन टाकली. एवढी मोठी चूक करायला माणूस निदान तिशीचं तरी असावं. मी सतरा वर्षांची होते. कपाळावर आठाण्याएवढं कुंकू, कोपरापर्यंत बांगड्या, आणि डोक्यात काय होतं ते मला अजून सापडलेलं नाही. स्वतःच्या हातांचं कौतुक स्वतःच करायची, कुणी पाहत नसेल तर कुणी पाहीपर्यंत थांबायची. त्या पोरीला आज कुणी माझ्यापुढे आणून उभं केलं, तर तिच्या पाठीत आधी एक धपाटा घालीन आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडेन.

'तू' म्हणते आहे म्हणून दचकू नकोस. थोरली नणंद तू. तीस-बत्तीस वर्षं तोंडावर 'तुमी'च म्हटलं, तेही पदर सावरून. मनात मात्र पहिल्या वर्षापासून 'तू' होतं. आता समोर तोंड उरलं नाही, तर मनातलंच चालू दे.

कालच अकोल्याहून परतले. तुझी तेरवी झाली. तू कुठली, कुणाची, मागे कोण कोण आहे, हे तिथे मंडळींनी एकमेकांना पुरेसं सांगितलं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. नातीच्या वहीची मागची पानं फाडून हे लिहिते आहे. ती घरी आली की ओरडेल. ओरडू दे, आजीवर ओरडायला मिळणं हेही नशीब आहे. मला तुला फक्त एक विचारायचं होतं. त्यासाठी इतकी वर्षं तुझ्या दारात येत राहिले, कधी काखेत भोपळा घेऊन, कधी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन. तू मला माफ केलंस का, एवढंच. भोपळे सगळे पोचले. प्रश्न राहिला.

मी या घरात आले तेव्हा तू दर्यापूरकडच्या तुझ्या सासरहून रिकाम्या हातानं परत आलेली होतीस. नवरा गेला, दिरांनी वावर आपसात वाटून घेतलं, आणि तुला व चिमुकल्या गोदीला बैलगाडीत बसवून अमरावतीला आणून सोडलं. इथे तरी काय होतं? मळा तुझ्या भावाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, आणि तोही आमचा नव्हे, दुसऱ्याची जमीन मक्त्यानं केलेली. त्यात तुझा वाटा नव्हता. माझाही नव्हता म्हणा, पण मला ते समजायला वेळ लागला.

लग्नाआधी माझ्या आईनं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "घरात परत आलेली नणंद हाय व माय. तिच्या आंदी उठजो, तिच्या मांगून जेवजो, आन तिच्यासमोर दात काढजो नको." पहिल्याच दिवशी मी अंधारात उठून बसले, तर तू केव्हाच कापसाच्या जिनात निघून गेलेली. चुलीजवळ माझ्या वाटची भाकर झाकून ठेवलेली, वर ठेच्याचा गोळा. आईची शिकवण पहिल्याच सकाळी वाया गेली. संध्याकाळी तू आलीस, केसांत, भुवयांत, कानांत कापूस घेऊन. मी दात काढलेच. "आक्का, तुमी एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या." सासूबाई गार. तू मात्र पदरानं डोकं झटकलंस आणि म्हणालीस, "तुले सून म्हून आणलं का माकड म्हून?" आणि हसलीस. तिथपासून मी तुझी झाले.

मग तो शिरगणतीचा मास्तर आला. त्या दिवशी जिनाला सुट्टी होती, म्हणून तू घरी. तो मळ्याच्या बांधावर उभा राहून तुझ्या भावाला एकेक विचारत होता, कागदावर लिहीत होता. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ही बाई काय काम करते?"

"ही? काई नाई. घरीच रायते," तुझा भाऊ म्हणाला.

माझ्या डोक्यावर तेव्हा ओल्या मेथीचा भारा होता. पाणी कानावरून गळ्यात उतरत होतं. पहाटे मोटेचं पाणी वाफ्या-वाफ्यातून मी वळवलं होतं, जुड्या मी बांधल्या होत्या, बाजारात मीच नेणार होते. मास्तरानं लिहिलं: काही नाही.

मग तो तुझ्याकडे वळला. तुझ्या भावानं तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "लिवा, जिनात रेचा चालवते. नीट लिवा. माह्या नावापुढं लिवा, भावाच्या नाई."

"लिहितो बाई, लिहितो."

"आन हिच्यापुढं बी लिवा. भाजी पिकवते, इकते."

"धंदा तर तुमच्या भावाचा आहे. एकदा लिहिला की झालं."

"मंग मोट बैलं ओढतेत, थे बी भावाच्याच नावावर लिवलं का तुमी?"

मास्तर हसला, तुझा भाऊ हसला, मीही फिदीफिदी हसले. मास्तरानं माझ्यापुढे काही लिहिलं नाही. पण त्या दिवशी माझ्या पोटात एक लहानसं भूत शिरलं, आक्का. तुझ्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं होतं. माझ्या नावापुढे काही नव्हतं. मलाही काहीतरी हवं होतं, आणि ते चारचौघांत हवं होतं.

जिनाची रीत तुला मी काय सांगू, पण नातवंडं कधी हे वाचतील, त्यांच्यासाठी लिहिते. कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र म्हणजे रेचा. एका रेच्यावर एक बाई, हातानं कापूस घालत राहायची. दिवाळीनंतर जिन सुरू व्हायचं, होळीच्या आसपास बंद. सूर्य उगवायच्या वेळी फाटकापाशी बाया उभ्या राहायच्या. मुकादम पत्र्याचे बिल्ले घेऊन यायचा. जितके रेचे चालायचे तितके बिल्ले. बिल्ला मिळाला तिला आजचं काम. उद्याचं उद्या. कुणाला कसला कागद नव्हता, कसलं वचन नव्हतं.

आधार होता तो बायांनीच बांधलेला. ज्या रेच्यावर जी बसते तो तिचा. ती आजारी पडली, बाळंत झाली, तर तिच्या घरातली दुसरी बदली म्हणून बसायची, आणि ती बरी झाली की मुकाट्यानं उठायची. मुकादमही हे चालू द्यायचा, कारण त्याचा रेचा रिकामा राहत नव्हता. बदली बसणारीनं जागा राखायची. त्यापलीकडे तिचा काही हक्क नाही, काही हौस नाही.

त्या वर्षी पौषात तुला थंडीताप आला. दोन गोधड्या अंगावर, तरी दात वाजत होते. तू मला जवळ बोलावलंस.

"शेवंते, माह्या जागी बस. बिल्ला मांग. चौथा रेचा माहा. डाव्या बाजूले साळू बसते. तिच्या हाताकडं पाह्य, ती जेवढा टाकते तेवढाच टाक."

"तिच्याहून जास्त टाकला तं?"

तापातही तू मान उचललीस. "जास्त नाई. कमी बी नाई."

"काहून?"

"इथं माही दातखिळी बसून राहिली, आन तू काहून काहून करून राहिली! जाय."

त्या एका 'काहून'चं उत्तर तू तेव्हा दिलं असतंस तर. पण तुला बोलवत नव्हतं, आणि मला ऐकायचं कुठे होतं? मी तर आरशासमोर नथ घालून पाहत होते, जिनात घालून जावी का म्हणून.

पहिल्या दिवशी मी साळूकडे पाहून हात चालवला. साळू म्हणजे चाळिशीची, जाडजूड, तोंडावर पदर बांधून बसलेली, आणि हात असा चालायचा की जणू बाळाला थोपटते आहे. मला हसूच आलं. या तर सगळ्या झोपा काढतात! सांभाराच्या जुड्या बांधताना माझी बोटं दिसत नसत, एवढा वेग. दुसऱ्या दिवशी मी थोडा वेग वाढवला. साळू पदराआडून म्हणाली, "पोरी, हळू. रेचा कुठी पळून नाई जाऊन राहिला." तिसऱ्या दिवशी मुकादम माझ्यामागे येऊन थांबला. "आक्काची भावजय का तू? हात हायेत का वीज?"

आक्का, लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तुझा भाऊ माझ्याशी एवढं लांब वाक्य बोललेला नव्हता. मी फुगले. चौथ्या दिवशी माझ्या उजवीकडची बाई लेकराला पाजायला उठली, तर मी तिच्याही रेच्यात कापूस घालायला लागले. साळूनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठ दिवस काळंनिळं होतं. मला वाटलं, जळते मेली.

पाचव्या दिवशी मुकादम शेठला घेऊन आला, बरोबर मिस्त्री. त्यांनी मला दोन रेच्यांच्या मध्ये बसवलं आणि पाहत उभे राहिले. मी दोन्ही हातांनी दोन्हीकडे कापूस घालत होते, घाम पुसायलाही थांबत नव्हते. बाकीच्या बाया पाहताहेत ना, म्हणून मी मान वळवून पाहिलं. पाहत होत्या. तोंडावर पदर बांधलेले, नुसते डोळे दिसत होते. ते कौतुक आहे असं मला वाटलं. सगळ्यात मोठी गंमत ऐक. मला वाटत होतं, हे तुझंच नाव मोठं होतं आहे. बिल्ला तुझा, रेचा तुझा, भावजय तुझी.

संध्याकाळी मी उड्या मारत घरी आले. तू उठून बसली होतीस, हातात पेजेची वाटी.

"आक्का, आज दोन रेचे चालवले मी! एकटीनं!"

तू वाटी खाली ठेवलीस. "कोनी पाह्यलं?"

"शेठनं! मिस्त्री बी होता!"

तू गोधडी बाजूला सारलीस. म्हणालीस, "उद्या मी जाते." आणि उठायला गेलीस तर भिंत धरून खाली बसलीस. सहाव्या दिवशीही मीच गेले. तू मला थांबवलं नाहीस. तू काही सांगितलंही नाहीस. मला आता कळतं, काही सांगून उपयोग उरला नव्हता.

सातव्या दिवशी तू गेलीस. फाटकापाशी मुकादमानं सांगितलं, आजपासून एका बाईला दोन रेचे, ज्यांना जमेल त्यांनीच बिल्ला घ्यावा. बिल्ले निम्मे होते. तू तरीही घेतलास. तापानं खंगलेली तू दोन रेच्यांच्या मध्ये बसलीस, आणि दुपारच्या आत तुझे हात थांबले. मुकादमानं बिल्ला काढून घेतला. मी मळ्यात जुड्या बांधत होते. उन्हातून तू येताना दिसलीस. एवढ्या लवकर कशी, म्हणून मी उभी राहिले. तू डोक्यावरची शिदोरी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "शेवंते, सांभार पिवळा पडून राहिला. पाणी मार."

एवढंच. शिव्या दिल्या असत्यास तर मी वाचले असते.

तुझ्याऐवजी शिव्या द्यायला साळू आली, तिसऱ्या प्रहरी, कुंपणापलीकडूनच बोलली. तिचाही बिल्ला गेला होता. "आमी हळू काहून टाकत होतो, माईत हाय का तुले? आमचे हात मोडले नव्हते. माह्या मायनं, माह्या सासूनं, सगळ्यायनं हात धरून ठेवला होता, का सगळ्या जणींच्या चुली पेटाव्या. तू सहा दिवसांत सोडला. आता नाच."

इथपर्यंत मी ही गोष्ट सांगते, आक्का. लेकींना सांगितली, सुनांना सांगितली, हसत हसत, स्वतःची टर उडवत. मग त्या म्हणतात, "जाऊ द्या ना, तुमाले काय माईत होतं," आणि मी गप्प बसते, कारण माझी गोष्ट तिथे संपत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तिच्याच्यानं आता होत नाई, तं शेवंतीले धाडू. जागा घरातच रायते." तुझीच आई ती. तू चुलीपाशी बसून ऐकत होतीस. मी नाही म्हणू शकले असते. सासूला नाही म्हणणं सोपं नव्हतं हे खरं, पण इतर वेळी मी हजार गोष्टी टाळल्याच होत्या, पोट दुखतं म्हणून, डोकं दुखतं म्हणून. त्या दिवशी माझं काही दुखलं नाही. मी गेले. होळीपर्यंत तुझ्या चौथ्या रेच्यावर आणि त्याच्या शेजारच्यावर बसले. साळू नव्हती, ओळखीच्या निम्म्या बाया नव्हत्या, उरलेल्यांपैकी कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. आणि तरीही सकाळी बिल्ला हातात पडला की मला बरं वाटायचं. हे मी पहिल्यांदाच कुठे तरी लिहिते आहे.

घरात तू बदललीस असं नाही, घर तुझ्याशी बदललं. रोजी आणणारी लेक आणि बसून खाणारी लेक यात किती अंतर असतं ते मी त्या दोन महिन्यांत पाहिलं. बसून तर तू कधीच नव्हतीस. माझं मळ्यातलं सगळं काम तू करत होतीस. पण ते काम कुणी काम म्हणून धरत नव्हतं, मास्तरानं लिहिलं होतं तसंच. मग सासूबाईंचं बोलणं गोदीवर घसरलं. "पोट्टीले शाळेत कायले धाडतं? घरी राहून जुड्या बांधन."

गोदी तेव्हा आठ वर्षांची, दुसरीत. जिनातून आल्यावर मी पाय पसरून बसले की ती पाटी घेऊन यायची. "मामी, काल कुठवर आलो होतो?" मी चुकले की माझ्या हातावर चापट मारायची, खऱ्या मास्तरीणबाईसारखी. आज मी जे लिहिते आहे ती अक्षरं तिची आहेत.

एका सकाळी मी जिनात निघाले तर तू दारात गाठोडं घेऊन उभी, गोदी बोटाला.

"कुठी?"

"अकोल्याले. तिथं अजून एका बाईले एकच रेचा हाय म्हंतेत."

"आन गोदीची शाळा?"

"तिथं बी असन शाळा."

गोदीनं पाटी माझ्या हातात दिली. "मामी, तुमचा ज्ञ रायला. मी आल्यावर शिकवीन." तुम्ही बडनेरा स्टेशनच्या रस्त्याला लागलात आणि मी विरुद्ध दिशेला जिनाकडे गेले, कारण उशीर झाला असता तर बिल्ला मिळाला नसता. माझे पाय मागे वळले, डोळे भरून आले, असं काहीतरी लिहायला मला आवडलं असतं. मी भरभर चालत गेले.

पुढल्या दिवाळीनंतर मी ताठ मानेनं फाटकापाशी उभी राहिले. पोटात पाचवा महिना. मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि माझ्या मागच्या पोरीला बिल्ला दिला. सोळा वर्षांची होती, तिचे हात माझ्याहून जलद. मी म्हटलं, "मी शेवंता, ओळखलं नाई का?" तो म्हणाला, "कोन शेवंता?" वीज म्हणणारा तोच माणूस. फाटकाच्या बाहेर साळू सरकी वेचत होती. मला वाटलं आता ही टोमणा मारील. तिनं नुसतं सरकून मला बसायला जागा करून दिली. मला ते टोमण्याहून जड गेलं.

आणि मग तू आलीस. माझ्या पहिल्या बाळंतपणाला माझी आई येऊ शकत नव्हती, सासूबाई गुडघ्यांनी अवघडलेल्या. कुणी निरोप धाडला कोण जाणे. तू अकोल्याहून आलीस आणि पंधरा दिवस राहिलीस. मला न्हाऊ घातलंस, बाळाला शेक दिलास, डिंकाचे लाडू वळलेस. मी अडाणी, सुखात लोळत होते. जायच्या दिवशी सहज विचारलं, "आक्का, तुमच्या जागी कोन बसलं?"

"गोदी."

"एवढीशी?"

"हाव. जास्त नाई टाकत, कमी बी नाई टाकत. नीट राखते जागा."

नऊ वर्षांची गोदी. सरकारी साहेब तपासायला आला की तिला रुईच्या ढिगाआड बसवायचे, हे तू मला पुढल्या भेटीत हसत सांगितलंस. "बाहेर आली तं ससुल्यावानी दिसे, डोयेच काय ते काळे." मीही हसले. गोदी तिथे बसली ती बसलीच, पुन्हा शाळेत गेली नाही. माझ्या बाळंतपणाचे पंधरा दिवस तिला आयुष्यभर पुरले, हे मला फार उशिरा जोडता आलं. हसायला मात्र मी वेळेवर होते.

मळाही पुढे गेला. मालकानं मक्ता दुसऱ्याला दिला. सांगायलाही आला नाही, नवा माणूस बैल घेऊन आला तेव्हा कळलं. तुझा भाऊ कापसाच्या गाठी वाहायला जाऊ लागला. तोही सकाळी फाटकापाशी उभा, घेतलं तर घेतलं. एकदा मी त्याला डिवचलं, "आता मास्तर आला तं तुमच्यापुढं काय लिवाचं?" त्यानं तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "रोज सकाळी येऊन इचार म्हना त्याले." हसलो दोघंही. नंतर त्यानं कधी नव्हे ते विचारलं, "आक्का बरी असन का व तिकडं?"

तुझ्याकडे यायचे तेव्हा आपण भांडायचो. जिन बंद असलं की तू टोपलीभर भाजी घेऊन मोर्णा नदीच्या काठानं फिरायचीस, नाहीतर कुणाच्या भिंती सारवायचीस, कुणाची डाळ भरडायचीस. माझं म्हणणं, सांभाराची जुडी मुळासकट बांधावी, दोन दिवस टिकते. तुझं म्हणणं, मुळं कापावी, गिऱ्हाईकाच्या हाताला माती लागू नये. "तू माती इकतं," तू म्हणायचीस. "तुमी वाळलेला पाला इकता," मी म्हणायची. हे भांडण इतकी वर्षं चाललं आणि अजून मिटलेलं नाही. मी आजही मुळासकटच बांधते.

खऱ्या गोष्टीवर आपण एकदाच बोललो, तेही मी भित्र्यासारखी आडून आले म्हणून. तू घाटावर कपडे धूत होतीस. मी म्हटलं, "आक्का, अमरावतीच्या शेठनं कवा ना कवा दोन रेचे केलेच असते. आता तं सगळीकडं होऊन राहिलं."

"केलेच असते," तू म्हणालीस. लुगडं पिळलंस, झटकलंस. "पन मंग थे त्यानं केले असते."

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा तोंड उघडलं, "आक्का, तवा मी..." तेव्हा तेव्हा तू म्हणायचीस, "साबन दे इकडं," नाहीतर "गोदीची पोट्टी रडून राहिली, पाह्य." कधी वाटायचं, माफ केलं आहेस म्हणून बोलू देत नाहीस. कधी वाटायचं, केलं नाहीस म्हणूनच. गाडीत बसून बडनेऱ्यापर्यंत मी हाच हिशेब करत यायची. गाडी पोचायची, मी नाही.

एका वर्षी अकोल्यातही दोन रेचे झाले. तोपर्यंत तुझ्या छातीत कापूस बसला होता. पायऱ्या चढायला नको, दोन घागरी नको, बोलणंही मोजकंच. गोदी एकटीच उभी राहायची आता फाटकापाशी. शेवटच्या खेपेला मी आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस. मी तुझे केस विंचरत होते, मूठभर पांढरे, आणि सवयीनं बडबडत होते. नथ घालून जिनात निघाले होते ते सांगितलं. तू हसायला लागलीस. हसता हसता खोकला आला, खोकल्याचा दम लागला, ओठ निळे पडले. गोदीनं धावत येऊन तुला धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी गप्प बसले. आक्का, तुला हसवणं हा एकच धंदा मला नीट येत होता, तोही बंद करावा लागला. त्या दिवशी विचारायचं ठरवून आले होते. विचारलं नाही. पुढल्या खेपेला, म्हटलं. पुढल्या खेपेला तुझ्या दारात माणसं उभी होती.

तू मला सून म्हणून राहू दिलंस आणि माकड म्हणूनही राहू दिलंस. दर्यापूरच्या वावरातून तुला काढलं, आमच्या घरातून काढलं, फाटकातून काढलं, आणि तू जिथे गेलीस तिथे आधी दुसरीला बसायला जागा केलीस. माझ्या पहिल्या लेकराच्या अंगाला पहिला हात तुझा लागला. मी तुझं काय केलं, ते वर लिहिलंच आहे.

काल तेरवीला मंडळी जेवून पांगली. गोदी मागच्या पडवीत शेवटची पंगत वाढत होती, म्हणजे घरच्या बाया आणि मी. तिचेही केस कानशिलावर पिकले आहेत. तेरा दिवस तिच्या जागी तिची लेक बदली बसली होती. मी हात धरून तिला थांबवलं. तुला विचारायचं ते तिला विचारलं, कारण आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "गोदे, खरं सांग. तुह्या मायनं मले माफ केलं होतं का?"

तिनं वरणाची पळी भांड्यात ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मायनं तुमाले कवाच माफ केलं होतं, मामी. मले बी कर म्हने. माह्याच्यानं अजून झालं नाई. हात धुवून या, ताट वाढलं."